घरट्यांची वही: पाखरांचे पाऊस-शकुन कसे नोंदवावे

आमचे अण्णा इंदूरजवळच्या देपालपूर तहसिलीत पटवारी होते. त्यांच्या लाल कापडी वहीत पुढून खसऱ्याच्या, म्हणजे शेतजमिनीच्या, नोंदी असायच्या आणि मागून पाखरं. ‘टिटोडी, तलावाची पाळ, ४, टोकं आत’ अशी एक ओळ, आणि तिच्याच शेवटी, सप्टेंबर सरल्यावर वेगळ्या शाईत, त्या साली तहसिलीच्या पर्जन्यमापकात किती इंच भरले तो आकडा. टिटवीला माळव्यात टिटोडी म्हणतात. घरात आम्ही मराठी बोलत असलो तरी झाडापाखरांची नावं निम्मी माळवीच होती.

अण्णा गेल्यावर ती वही माझ्याकडे आली. मी शाळेत गणित शिकवायचे. अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि तिची पानं पुढे लिहायला घेतली, इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या गच्चीवरून, सिरपूर तलावाच्या पाळीवरून आणि काकांच्या शेतावरून. आजूबाजूची मुलं विचारतात, ‘काकू, हे कसं करायचं?’ त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

महाराष्ट्रात सहदेव-भाडळीच्या म्हणी, इकडे हिंदीत घाघ-भड्डरीच्या, गुजरातेत भडलीच्या. पाखरांवरून पाऊस सांगायची रीत सगळीकडे आहे. ती शंभर टक्के खरी म्हणणारे मला भेटतात, आणि शुद्ध अंधश्रद्धा म्हणणारेही भेटतात. दोघांशीही माझं जमत नाही, कारण दोघांनीही मोजलेलं नसतं.

पान आखणं

साधी दोनशे पानी वही पुरते. एका घरट्याला एक जोडपान द्या. डाव्या बाजूला तारीख, पक्षी, जागा, दिशा, उंची, अंडी किंवा पिल्लं दिसली तर किती, आणि खाली शकुन: कोणी सांगितला, काय सांगितला. उजवं पान कोरं सोडा, ते पावसाचं.

शकुन शाईनं लिहायचा आणि मृग लागायच्या आत लिहायचा. मृग ७-८ जूनला लागतो. त्याआधी २५ मेपासून रोहिणीचे पहिले नऊ दिवस म्हणजे आमचा माळव्याचा नवतपा. तो जितका तापेल तितका पाऊस चांगला, असं इथे प्रत्येक जण सांगतो. त्या नऊ दिवसांत पोह्यांच्या गाडीपासून दूधवाल्यापर्यंत सगळे पावसावरच बोलत असतात, त्यामुळे शकुन गोळा करायला याहून चांगला हंगाम नाही. आधी लिहायचा आग्रह अशासाठी की मागाहून प्रत्येकाला सगळं जुळल्यासारखं आठवतं. पाऊस भरपूर झाला की ‘टिटोडी उंचावर बसली होती’ हेच लोकांच्या ध्यानात राहतं. खळग्यातली दुसरी टिटोडी कोणाला आठवत नाही.

आणि शकुन मोजता येईल अशा शब्दांत उतरवून घ्या. ‘पाऊस बरा होईल’ एवढ्यावर सोडू नका. विचारा: बरा म्हणजे गेल्या सालापेक्षा जास्त? किती महिने? आषाढात की भाद्रपदात? म्हातारी माणसं अशा प्रश्नांवर चिडत नाहीत, उलट खुलतात. आमच्या शेतावरच्या जुन्या हालीला, म्हणजे सालगड्याला, मी पहिल्यांदा असं विचारलं तेव्हा तो अर्धा तास बोलत होता, आणि माझी तीन पानं भरली.

दिशेची चूक सगळ्यांकडून होते. झाडाकडे तोंड करून ‘उजवीकडे घरटं आहे’ असं लिहिलं तर त्याला काही अर्थ नाही. खोडाला पाठ टेकवून उभं राहायचं, घरट्याच्या फांदीकडे तोंड करायचं आणि मोबाईलमधलं होकायंत्र पाहायचं. जी दिशा समोर येते ती घरट्याची दिशा. मी पहिल्या वर्षी कडुनिंबावरचं एक घरटं पश्चिमेला लिहून बसले होते. ते पूर्वेला होतं. उंचीसाठी शेजारच्या घराचे मजले मोजा, एक मजला दहा फूट धरा. एवढं पुरतं.

टिटवी

सुरुवात टिटवीपासून करा. ती मार्चपासूनच अंडी घालते, जमिनीवर घालते, आणि तिचे शकुन सर्वांत जास्त आहेत. चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस. जितक्या अंड्यांची निमुळती टोकं जमिनीकडे, तितके महिने पाऊस. उंचावर अंडी घातली तर जोराचा पाऊस, खोलगट जागी घातली तर ओढ.

घरटं असं काही नसतंच. उघड्या जमिनीत एक उथळ खळगी आणि कडेनं मांडलेले खडे. अंडी मातकट रंगाची, त्यावर काळे-तपकिरी डाग. दहा पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. ती शोधायची नसतात, टिटवीला शोधू द्यायची असतात. लांब बसून राहिलात तर वीस मिनिटांत ती ओरडणं थांबवते, इकडे तिकडे चालत, थांबत, मध्येच काही टिपल्यासारखं करत एका जागी येते आणि पोट हलवत बसते. ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा, मागच्या एखाद्या दगडाची खूण करा. मग दुर्बिणीनं पाहा. जवळ जाऊ नका. तुम्ही गेलात की ती उठणार, आणि तुमच्या मागावर कावळा असतोच.

तीन गोष्टी मी वर्षानुवर्षं पाहून शिकले, त्या सांगते.

पहिली गोष्ट संख्येची. टिटवी सगळी अंडी एका दिवशी घालत नाही. आज दोन दिसली म्हणून ‘दोन महिने पाऊस’ असं लिहून मोकळे झालात तर चुकाल. आठवडाभर थांबून पुन्हा पाहा. आणि थांबलात की बहुतेक वेळा चारच निघतात. हा पक्षी एका खेपेला चारच अंडी घालतो. आपला पावसाळाही चार महिन्यांचा. म्हणून हा शकुन इतका खरा वाटतो: चांगल्या सालीही चार, वाईट सालीही चार. अण्णांच्या वहीत आणि माझ्या वहीत मिळून चारपेक्षा कमी अंड्यांची घरटी बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि त्यातल्या काहींची अंडी मुंगसानं किंवा कावळ्यानं नेली असणार.

दुसरी गोष्ट टोकांची. अंडं भोवऱ्यासारखं एका बाजूला निमुळतं असतं. चार भोवरे टोकं आत करून ठेवले तर फुलाच्या पाकळ्यांसारखे एकमेकांत बसतात आणि कमी जागेत मावतात, म्हणजे आईच्या पोटाखाली चारही झाकले जातात. खळगी मध्ये खोल असते, म्हणून टोकं आपोआप खाली झुकतात. अण्णांनी ‘टोकं आत’ लिहिलंय, ‘टोकं खाली’ नाही. ते बारकाईनं पाहत होते.

तिसरी गोष्ट उंचीची, आणि इथे मला जुन्या लोकांबद्दल खरा आदर वाटतो. ज्या साली मे महिन्यात तलाव तळाला जातो, त्या साली टिटव्या तळातल्या कोरड्या मातीत अंडी घालतात. पाणी टिकून असलं तर त्या पाळीवर, बांधावर, उकिरड्यावर चढतात. म्हणजे खाली घातलेली अंडी ‘यंदा पाणी कमी आहे’ हे सांगतात, आणि ते अगदी बरोबर सांगतात. फक्त ते गेल्या पावसाळ्याचं आणि या उन्हाळ्याचं असतं. येणाऱ्या पावसाचं त्यात मला अजून काही सापडलेलं नाही. पण ज्या माणसानं हा शकुन पहिल्यांदा सांगितला त्यानं तलाव आणि पाखरू दोन्ही एकत्र पाहिलं होतं, हे नक्की.

एका वर्षी टिटवीनं आमच्या गच्चीवरच अंडी घातली. डागडुजीची उरलेली खडी कोपऱ्यात पडली होती, तिथे. मे महिना, दुपारचे दोन, फरशीवर पाय ठेववत नव्हता. मी जिन्याच्या दाराच्या फटीतून पाहत होते. मादी अंड्यांवर बसलेली नव्हती, अंड्यांवर उभी होती, पंख जरा सैल सोडून, चोच उघडी. तिची सावली बरोबर खळगीवर. पंधरा मिनिटांनी दुसरी टिटवी आली. तिच्या पोटाखालची पांढरी पिसं चिकटून ओली झाली होती, पाणी ठिबकत होतं. पहिली बाजूला झाली, ही खळगीवर आली आणि गुडघे मोडून बसली. ती पुन्हा उठली तेव्हा अंड्यांवर ओलावा चमकत होता आणि माझ्यासमोर एका मिनिटात उडून गेला. उन्हात अंडी शिजू नयेत म्हणून ही दोघं दिवसभर पाण्याच्या खेपा करत होती. त्या महिन्यात मी पापड-कुरडया घातल्या नाहीत, आणि संध्याकाळी एक उथळ परात पाण्यानं भरून लांबच्या कोपऱ्यात ठेवत गेले. शेजारच्या भाभी रोज खालून विचारायच्या, ‘दीदी, कितने हुए?’ चार आहेत म्हटल्यावर त्या म्हणाल्या, ‘तो पूरा चौमासा बरसेगा.’ मी तो शकुन त्यांच्या नावानिशी, तारखेसह लिहून घेतला.

म्हणून माझा एक नियम: सकाळी नऊच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर पाहायचं. दुपारी टिटवीला उठवलंत तर दहा मिनिटांत चारही अंडी जातील. अंडी उबायला २८ ते ३० दिवस लागतात; उबवायला बसल्याच्या पहिल्या दिवसाची तारीख असेल तर पिल्लांचा दिवस काढता येतो.

शेत असेल तर आणखी एक काम करा. सोयाबीनच्या आधी मे महिन्यात बखरणी, म्हणजे वखरणी, चालते, तेव्हा सर्वांत जास्त अंडी ट्रॅक्टरखाली जातात. खळगीच्या दोन बाजूंना, चार-चार पावलं सोडून, चिंधी बांधलेल्या दोन काठ्या रोवा आणि चालवणाऱ्याला आदल्या दिवशी सांगून ठेवा. तेवढा तुकडा सुटला तर पिकाला काही होत नाही. मी हे पंचक्रोशीतल्या प्रत्येकाला सांगत फिरते.

कावळा

कावळ्याच्या घरट्याचे शकुन मराठी घरांतून सगळ्यांनी ऐकलेले असतात. पूर्वेच्या फांदीवर असेल तर पाऊस चांगला, पश्चिमेला असेल तर बेताचा, दक्षिण-उत्तरेला असेल तर कमी. अगदी शेंड्यावर असेल तर दुष्काळ. आंबा-करंजावर शुभ, बाभळीसारख्या काटेरी झाडावर अशुभ.

ही समजूत फार जुनी आहे. वराहमिहिर आमच्याच भागातला, अवंतीचा; इंदूरहून उज्जैन ५५ किलोमीटर. सहाव्या शतकातल्या त्याच्या बृहत्संहितेत कावळ्यावर एक अख्खा अध्याय आहे. वैशाखात निरोगी झाडावर घरटं केलं तर सुभिक्ष, काटेरी किंवा वाळक्या झाडावर केलं तर दुर्भिक्ष, असं तो सांगतो. दोन, तीन किंवा चार पिल्लं असली तर सुकाळ, आणि पाच असली तर राजा बदलतो.

त्यात पिल्लं मोजायची आहेत, हे मला फार सोयीचं वाटतं. कावळ्याच्या घरट्यातली अंडी मोजायला झाडावर चढावं लागतं, आणि ते करायचं नाही. रानपाखरांची अंडी काढणं किंवा घरटं विस्कटणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. शिवाय अंड्यांचा भरवसा नाही: कोकिळा आपली अंडी त्यातच घालून जाते. तिचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान असतं आणि पिल्लू दोन-चार दिवस आधी बाहेर येतं. म्हणून पिल्लांपर्यंत थांबा. कावळा घास घेऊन आला की घरट्याच्या काठावर उघड्या चोची वर येतात. दुर्बिणीतून त्या मोजा, तीन वेगवेगळ्या दिवशी मोजा, आणि जास्तीत जास्त आलेला आकडा लिहा.

दिशेचं म्हणाल तर माझ्या वहीत पूर्वेची घरटी खरोखरच जास्त आहेत. मे महिन्यातली लू आमच्याकडे पश्चिमेकडून येते आणि पावसाचा वाराही नैर्ऋत्य-पश्चिमेकडूनच. पूर्वेची फांदी म्हणजे खोडाचा आडोसा. कावळा समजूतदार आहे, एवढं त्यातून कळतं. शहरात मात्र आता त्याला निवडायला झाडच उरत नाही. पावसाळ्याआधी विजेच्या तारांसाठी फांद्या छाटतात. एका वर्षी आमच्या गल्लीतल्या करंजाच्या खालच्या सगळ्या फांद्या गेल्या आणि दोन घरटी पिल्लांसकट खाली आली. मी तिथे उभी होते. त्या वर्षी उरलेलं घरटं शेंड्यावर होतं, आणि ‘शेंड्यावर घरटं म्हणजे दुष्काळ’ असं वहीत लिहिताना मला पहिल्यांदा हा शकुन चुकीच्या जागी लावल्यासारखा वाटला. तेव्हापासून मी डाव्या पानावर एक रकाना वाढवला: झाड छाटलेलं आहे का. तुम्हीही वाढवा. मोबाईल टॉवरवरची, तारांची आणि हँगरची घरटीही लिहा, पण त्यांना शकुन लावू नका. छाटणी करणारी माणसं आली की आधी घरटी दाखवा. सांगितलं तर बहुतेक जण ती फांदी सोडतात.

सुगरण आणि चातक

सुगरणीचे खोपे पाण्यापासून उंच टांगले तर पूर येणार, खाली टांगले तर पाऊस कमी, असं म्हणतात. पण या खोप्यांवरून आधीचं भाकीत करता येत नाही, कारण खोपा विणायला गवताची हिरवी लांब पाती लागतात आणि ती पहिला पाऊस झाल्याशिवाय मिळत नाहीत. विणतो तो नर. अर्धा खोपा झाला की मादी येऊन पाहते, पसंत पडला तर पुढचं काम होतं. जूनमध्ये पाऊस येऊन गडप झाला तर शिंदीवर अर्धवट टोपडी लोंबत राहतात. ती मोजा: खंड किती पडला याची ती चांगली नोंद आहे.

चातक घरटंच बांधत नाही. मोसमी वाऱ्यांबरोबर आफ्रिकेकडून येतो आणि सातभाईच्या घरट्यात, सातभाईसारखंच निळं अंडं घालतो. त्याची फक्त पहिल्या आवाजाची तारीख लिहा. माझ्या मते सगळ्या शकुनांत हाच एक असा आहे की जो वाऱ्याशी सरळ बांधलेला आहे. सिरपूर आणि यशवंत सागर, दोन्ही तलाव २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. सकाळी तिथे गेलात तर चातक लवकर ऐकू येईल. यशवंत सागरला सारसाची जोडीही दिसते, पण तिच्या घरट्याजवळ मुळीच जाऊ नका.

उजवं पान

आता पाऊस. सरळ कडांचा, तोंड आणि बूड सारख्याच रुंदीचं असलेला स्टीलचा डबा घ्या. निमुळता पेला किंवा बादली चालणार नाही. डबा सरळ असला की रुंदी कितीही असो, पाण्याची खोली तीच येते. गच्चीवर मोकळ्या जागी, भिंतीपासून भिंतीच्या उंचीच्या दुप्पट लांब ठेवा, विटांमध्ये पक्का बसवा. रोज सकाळी साडेआठला स्टीलच्या पट्टीनं मिलिमीटर मोजायचे, लिहायचे, डबा रिकामा करायचा. साडेआठच का, तर हवामान खातंही त्याच वेळेला मोजतं, म्हणजे आकडे पडताळून पाहता येतात. २५.४ मिलिमीटर म्हणजे एक इंच. इंदुरात अजून सगळे इंचातच बोलतात.

हे मोजणं का महत्त्वाचं ते मी घरातच पाहिलं आहे. माझं लग्न झालं त्या साली टिटवीनं खळ्याशेजारच्या टेकाडावर अंडी घातली, तीही सर्वांत वरच्या जागी. काकांना वाटलं, यंदा पाऊस कोसळणार. पहिली इंचभर सर आली आणि त्यांनी सोयाबीन पेरलं. त्यानंतर अठरा दिवस थेंब नाही. कोंब जमिनीतच करपले. उसनं बियाणं आणून दुबार पेरणी करताना काकूंनी हातातल्या पाटल्या मोडल्या. टिटवीचा त्यात काही दोष नव्हता, तिनं कोरडी आणि सुरक्षित जागा निवडली होती. सोयाबीनसाठी कृषी शास्त्रज्ञ सांगतात की साधारण १०० मिलिमीटर पाऊस होऊन जमीन ओली झाल्याशिवाय पेरू नका. तो आकडा आता काकांचा मुलगा माझ्याकडून फोनवर विचारतो, आणि मग शेतावरच्या डब्यातला आपला आकडा मला सांगतो. शकुन वहीत लिहा, पेरणी डब्यावर करा.

१ जून ते ३० सप्टेंबर, महिन्यामहिन्याची बेरीज उजव्या पानावर लिहा. मग डावं पान वाचा. शकुन जुळला तर बरोबरची खूण, चुकला तर फुली, आणि ‘बरा’सारख्या गोलमाल शब्दामुळे ठरवता आलं नाही तर शून्य. पहिल्या वर्षी शून्यं जास्त येतील. दुसऱ्या वर्षी तुम्ही शकुन विचारतानाच नीट विचाराल.

त्या गच्चीवरच्या चार अंड्यांपैकी तीन फुटली. चौथं तसंच राहिलं. पिल्लं दुसऱ्याच दिवशी खळगी सोडून परातीपर्यंत चालत आली होती.

एक काम दिवाळीच्या सुमाराचं. बैठकीत टांगायला म्हणून लोक सुगरणीचे खोपे काढून आणतात. आणू नका. सुगरणी गेल्या तरी रिकाम्या खोप्यांत मुनिया राहायला येतात, थंडीत रात्री आतच झोपतात, कधी अंडीही घालतात. संध्याकाळी साडेपाचला जाऊन बसा. एखादी खोप्याच्या नळीत शिरताना दिसली, तर त्याच पानावर खाली लिहा: तारीख, खोपा, मुनिया, किती.